उगमसरांची यिडिश

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही आणि लग्नाचंही विचारलं नाही. नगरमध्ये खोली शोधणाऱ्या एकट्या नर्सला हे दोन प्रश्न कधी चुकत नाहीत. हे दारात उभे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात कागदाच्या इतक्या चिठ्ठ्या की खिसा पोटुशा मांजरीसारखा लोंबत होता.

"गाव कुठलं?"

"तिसगाव. पाथर्डी तालुका."

"शेतात काय असतं?"

"कापूस. थोडी बाजरी."

"कापूस!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की आतून काकू हातातला झारा तसाच घेऊन पळत आल्या. "अगं, ही कापसाच्या घरातली आहे! खोली हिलाच द्यायची!"

मी गोंधळून उभी. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि चहा येण्याआधीच सांगायला सुरुवात केली. ज्यू लोकांची जुनी धर्मभाषा हिब्रू. त्यांच्या पवित्र ग्रंथात इराणच्या एका राजाच्या मेजवानीचं वर्णन आहे. बागेत पडदे लावलेत, पांढरे आणि निळे. त्या पडद्यांच्या कापडाला शब्द आहे 'कर्पास'. "कर्पास! संस्कृतात कर्पास, मराठीत कापूस, आणि तिकडे हिब्रूतही कर्पास! तुमच्या शेतातलं बोंड, पोरी, राजाच्या बागेत जाऊन टांगलं गेलंय. कापड गेलं आणि सोबत नावही घेऊन गेलं!"

पुढं वडील धान्याचं पोतं घेऊन आले तेव्हा सरांनी त्यांनाही हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी आमचाच कापूस हाय म्हना की त्यो."

"नाव तरी तुमचंच."

"लई लांब गेला हुता मग." वडिलांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "राजाच्या बागंत बोंडअळी न्हवती व्हय हो तवा?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी 'बोंडअळी' लिहून घेतलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

सोनईच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. तिथल्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं उगमसर, कारण हजेरी घेतानासुद्धा ते विचारायचे, "तुझ्या नावाचा उगम काय?" मुलगा गप्प बसला की स्वतःच सांगायचे आणि तास तिथंच संपायचा. ते ख्रिस्ती. घरात पणजोबांपासून सगळ्यांची नावं हिब्रू आणि आडनाव अस्सल नगरी. लहानपणी त्यांनी वडिलांना विचारलं होतं, "आपल्या नावांचा अर्थ काय?" वडील म्हणाले होते, "देवाला माहीत." सर म्हणायचे, "मला ते उत्तर पुरलं नाही. देवाला माहीत आहे, तर मलाही कळलं पाहिजे."

तर कोल्हारला एक म्हातारे पाद्री निवृत्त होऊन राहिले होते, त्यांना हिब्रू येत होतं. सर दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं कोल्हारला जायचे. पहिल्या दिवशी पाद्रीबाबा त्यांना प्रवरेच्या काठी घेऊन गेले आणि म्हणाले, "हात पुढं कर." मग त्या तळहातावर फुंकर मारून म्हणाले, "रुआख." वारा, श्वास आणि आत्मा, तिन्हींना हिब्रूत हा एकच शब्द. ही गोष्ट सांगताना सर दर वेळी ऐकणाऱ्याच्या तळहातावर फुंकर मारून दाखवत. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाच्या हातावरही मारली. तो बिचारा पुढच्या महिन्यात सिलिंडर फाटकाशीच ठेवून गेला.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे एक परीक्षाच असायची. मी म्हणायचे, "इमानेइतबारे ड्युटी केली हो आज." की झालं! घास हातातच. "इमान! आणि प्रार्थनेच्या शेवटी आम्ही म्हणतो ते आमेन! एकाच धातूची दोन पोरं. इमान अरबीतून आपल्याकडे आलं, आमेन हिब्रूतून. पक्कं, भरवशाचं, असा त्या धातूचा अर्थ." मी त्यांना घरमालक म्हटलं तर म्हणायचे, "मालक आणि हिब्रूतला मेलेख हे भाऊबंद. मेलेख म्हणजे राजा. तेव्हा मी घरराजा." आतून काकूंचा आवाज यायचा, "राजे, ताटातली भाजी संपवा."

पण एक सांगायला हवं. खोटी नाती त्यांना मुळीच खपत नसत. शेजारच्या एका निवृत्त साहेबांनी मोठ्या हौसेनं येऊन सांगितलं की 'शाब्बास' हा शब्द ज्यूंच्या 'शब्बाथ'वरून आला. सरांचा चेहरा पडला. "नाही हो. शाब्बास फारसीतून आला, 'शाद बाश', आनंदी राहा. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस. सारखं दिसलं म्हणून नातं लागत नाही. नगरच्या स्टँडवर माझ्यासारखे दिसणारे चार जण भेटतील तुम्हाला, ते काही माझे भाऊ नाहीत." ते साहेब नाराज झाले, पुन्हा आले नाहीत. सरांना त्याचं काही वाटलं नाही. खोट्या उगमापेक्षा उगम माहीत नसणं बरं, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांमध्ये लावून ठेवलेल्या असत, आणि सगळ्यांत मोठ्या खोक्यावर लिहिलेलं असे, 'माहीत नाही'.

यिडिश त्यांना मिळाली रद्दीत. शहराबाहेर एक आश्रम आहे, तिथं दरवर्षी परदेशी पाहुणे येतात आणि जाताना पुस्तकं टाकून जातात. ती रद्दीवाल्याकडे येतात. सरांना तिथं एक जाड शब्दकोश दिसला, अक्षरं हिब्रू. आनंदानं घरी आणून वाचायला लागले तर एक शब्द कळेना. "वाचता येतंय आणि समजत नाही! उर्दू अक्षरांत कुणी मराठी लिहून ठेवावं तसं!" तीन दिवसांनी, मागच्या पानांवरच्या इंग्रजी अर्थांवरून, उलगडा झाला. ही युरोपातल्या ज्यूंची घरातली बोली, यिडिश. तिचे बहुतेक शब्द जर्मन वळणाचे, अधूनमधून हिब्रू आणि आसपासच्या भाषांचे, आणि लिपी हिब्रू. त्यानंतर दोन वर्षं ते त्या कोशात बुडून गेले. एके दिवशी संध्याकाळी माझ्या दारावर थापा. उघडलं तर हे, डोळ्यांत पाणी. "मेन्श! यिडिशमधला मेन्श आणि आपला माणूस! अगदी जुनं, हजारो वर्षांमागचं नातं! आणि गंमत बघ, आपण म्हणतो ना, 'तो माणूस आहे', म्हणजे चांगला आहे, खरा आहे. ते मेन्श अगदी तसाच वापरतात!"

काकूंनीही त्या कोशातला एक शब्द उचलला होता. लुफ्टमेन्श. शब्दशः हवामाणूस, ज्याचं पोट कशावर चालतं ते कुणाला कळत नाही. कुणी फोनवर सरांची चौकशी केली की काकू म्हणायच्या, "आमचा हवामाणूस ना? आहे, वर उडतोय." आणि सरांचा स्वतःचा लाडका शब्द होता गोर्निश्त. म्हणजे काहीही नाही. पिशवीत काय आणलं? गोर्निश्त. दवाखान्यात काय म्हणाले? गोर्निश्त. हे ऐकून ऐकून मीसुद्धा वॉर्डात एकदा बोलून गेले होते.

मी त्यांना म्हटलं होतं, "सर, मोबाईलवर ऐका ना यिडिश. शेकडो व्हिडिओ असतील."

"नाही ऐकायचं. भाषा पहिल्यांदा माणसाच्या तोंडून ऐकायची."

"नगरमध्ये कोण बोलणार यिडिश?"

"येईल कुणीतरी," ते म्हणाले, आणि काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या हॉस्पिटलला एक परदेशी बाई आल्या. वय ऐंशीच्या पुढं. आश्रमातल्या न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. पासपोर्टवर नाव फ्रीडा. सोबत त्यांची मैत्रीण होती, लिंडा, तीही अमेरिकन, सत्तरीची. फ्रीडाबाई वेदनेतसुद्धा आमच्याशी इंग्रजीत गोड बोलल्या. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या अंगावरच्या वस्तू मीच काढून घेतल्या, आणि त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "परत शुद्धीवर येताना तू असशील ना?" मी हो म्हटलं. पण माझी ड्युटी संपली, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी घरी झोपून काढली.

परत कामावर गेले तर बाई ओळखू येईनात. भूल उतरल्यावर त्यांना भ्रम झाला होता. म्हाताऱ्या पेशंटना कधी कधी होतो. इंग्रजी पार गेलेलं. कुठल्या तरी भाषेत ओरडत होत्या, सलाईन उपसत होत्या, अन्नाचा कण पोटात नाही. हात बँडेजनं पलंगाला बांधून ठेवले होते. लिंडा कोपऱ्यात बसून रडत होती. "हिला मी तीस वर्षं ओळखते. ही भाषा मी कधी ऐकलेली नाही." आमचे ऑर्थोचे डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर उद्या पुण्याला हलवावं लागेल. ह्या अवस्थेत तो प्रवास झेपेल असं मला वाटत नाही." गुंगीचं इंजेक्शन वाढवावं तर ह्या वयात श्वासाची भीती.

दुपारी मी औषधांचा ट्रे घेऊन त्यांच्या पलंगाशी गेले. बाईंची नजर छताकडे. ओठ सुकलेले. म्हणाल्या, "इख झे गोर्निश्त. मामे, इख झे गोर्निश्त."

गोर्निश्त! मी ट्रे तिथंच स्टुलावर ठेवला.

मी कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन काकूंना फोन लावला. "काकू, सरांना पाठवा! आत्ता! हॉस्पिटलमध्ये एक बाई यिडिश बोलतेय!"

पलीकडून काकूंचा आवाज, "अहो, ऐकलं का? आली तुमची!"

वीस मिनिटांत सर हजर. ऑक्टोबरचं ते ऊन, आणि ह्यांच्या अंगात चर्चला जायचा काळा कोट, गळ्यात टाय. बगलेत कापडी पिशवीत कोश. घामानं निथळत होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, दहा मिनिटं द्या." ते म्हणाले, "दिली. नाही तरी आपल्याकडे दुसरं काय आहे?"

सर पलंगाजवळ गेले. बाई पुटपुटत होत्या. सरांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. मग घाईघाईनं खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहायला लागले. "असा उच्चार होय! मी 'आ' म्हणत होतो, 'ओ' आहे! अगं, बघ, 'निश्त'मधला तो त..." बाई हात ओढत होत्या, बँडेज मनगटात रुतत होतं, आणि हे लिहितायत. एक चिठ्ठी झाली, दुसरी झाली.

माझा तोल गेला. "सर! ती बाई आहे, खोकं नाही तुमचं! तिला काय हवंय ते आधी विचारा!"

वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले. सरांशी मी असं कधीच बोलले नव्हते. त्यांचा हात तिथंच थांबला. चेहऱ्यावरचा सगळा उत्साह एका क्षणात उतरला आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांनी चिठ्ठ्या आणि पेन माझ्या ट्रेमध्ये ठेवलं, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पलंगाशी गुडघे टेकून बसले. बाईंच्या कानाशी.

"नाव काय हिचं?"

"फ्रीडा."

"फ्रेयडे असणार. फ्रेयड म्हणजे आनंद. आई लाडानं काय म्हणत असेल?" स्वतःशीच पुटपुटले आणि मग हळूच हाक मारली, "फ्रेयडल."

बाईंचं पुटपुटणं थांबलं. मान वळली.

"फ्रेयडल," सर पुन्हा म्हणाले, आणि एकेक शब्द दगडावर दगड ठेवावा तसा ठेवत विचारलं, "व्होस व्हिल्ट इर?" काय हवंय तुम्हाला?

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्या भरभर बोलायला लागल्या. सर हात वर करून, "लांगझाम, लांगझाम," सावकाश, म्हणत राहिले. मला एकच शब्द परत परत ऐकू येत होता. ब्रिल्न. कालच्या सिस्टरनंही तो ऐकला होता, पण तिला वाटलं कुणाचं तरी नाव असेल.

"ब्रिल्न, ब्रिल्न," सर कोशाची पानं उलटत होते. "ब... ब्र... हं!" आणि एकदम उठून उभे राहिले. "चष्मा! अगं, ती चष्मा मागतेय! 'माझा चष्मा कुठंय, मला काहीच दिसत नाही,' दोन दिवस हेच सांगतेय!"

लिंडा म्हणाली, "चष्मा? तो पडताना फुटला असेल असं मला वाटलं."

फुटला नव्हता. ऑपरेशनच्या आधी मीच तो काढला होता, पाकिटात घातला होता, वर नाव लिहिलं होतं आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या खणात ठेवला होता. पुढच्या सिस्टरला सांगायचं राहून गेलं होतं. मी जिने कसे उतरले मला आठवत नाही. पाकीट तसंच होतं, माझ्याच अक्षरातलं.

चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा बाईंनी आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, लिंडाकडे, माझ्याकडे. शेवटी सरांकडे. बराच वेळ. मग काहीतरी म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी चेहरा पुसला. "म्हणाल्या, तू पुस्तकासारखा बोलतोस."

मी त्यांच्या हातांची बँडेजं सोडली. मनगटावर लाल वळ होते. मी इंग्रजीत, मराठीत, जमेल तशी माफी मागितली. त्यांना कळलं की नाही माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी सरांच्या हातून चार चमचे पेज घेतली. पुण्याला हलवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी जाताना रिक्षात मी म्हटलं, "सर, मी मघाशी ओरडले..."

"बरं केलंस," ते म्हणाले. "दोन वर्षं वाट बघत होतो मी. आणि आली तेव्हा मला फक्त 'त' ऐकू आला."

इंग्रजी परत यायला चार दिवस लागले. आधी 'थँक यू' आलं, मग बाकीचं. त्या चार दिवसांत सर सकाळी नऊला यायचे ते दुपारी काकू डबा घेऊन येईपर्यंत. बाईंचं डोकं जसं साफ होत गेलं तशा त्या त्यांचे उच्चार सुधारायला लागल्या. "आणि मला 'इर' म्हणत होतास!" त्या हसून हसून सांगायच्या. "मी आठ वर्षांची असल्यासारखी रडत होते आणि हा मला अहोजाहो करत होता!" वॉर्डातले पेशंट, नातेवाईक, सगळे कौतुकानं ह्या दोघांकडे बघत बसायचे. बाजूच्या पलंगावरच्या आजींनी तर 'शेयनेम डांक' शिकून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणून दाखवलं. खूप धन्यवाद.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर जिन्यातूनच ओरडत आले. हॉस्पिटलमध्ये शांतता पाळायची असते हे सांगायची सोय नव्हती. "ब्रिल्न! उगम मिळाला! बाई, ऐका! ब्रिल्न आला बेरिल नावाच्या खड्यावरून. स्वच्छ, आरपार दिसणारा खडा, त्याची भिंगं करायचे पूर्वी. बेरिल आला ग्रीकांकडून. आणि ग्रीकांनी तो शब्द कुठून उचलला? आपल्याकडून! प्राकृतात वेळुरिय, संस्कृतात वैडूर्य! तुमचा चष्मा मुळात आमचा खडा आहे!"

बाईंनी चष्मा काढला, हातात फिरवून पाहिला. "म्हणजे मी दोन दिवस भारतात भारतातलाच शब्द ओरडत होते," त्या म्हणाल्या, "आणि एकाही भारतीयाला कळला नाही!"

मी सोडून सगळे हसले. मग मीही हसले.

एका दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये वडील शिंपी होते, आईला इंग्रजी यायचं नाही. शाळेतल्या मुली चिडवायच्या म्हणून नऊ वर्षांच्या फ्रेयडलनं ठरवलं, आता घरातही इंग्रजीच. आई यिडिशमध्ये विचारायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. आई गेली तोपर्यंत तसंच चाललं. "तिनं कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं, मी ती भाषा विसरून गेले. ती तर आत बसून होती, माझी वाट बघत." सर ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी एकही चिठ्ठी लिहिली नाही.

नोव्हेंबरअखेर त्या मायदेशी गेल्या. महिन्याभरानं माझ्या मोबाईलवर त्यांची मेल आली, सरांसाठी. एकच प्रश्न होता. हिवाळ्यात शाळेतून आलं की आई त्यांचे गारठलेले कान आपल्या दोन्ही तळव्यांत धरायची आणि म्हणायची, 'झिमुल्के'. ह्या शब्दाचा अर्थ काय?

सरांना जणू दिवाळी पुन्हा आली. 'के' हा लाडाचा प्रत्यय, ते लगेच कळलं. पण 'झिमुल'? कोशात नाही. पूर्वेकडच्या भाषांत 'झिमा' म्हणजे हिवाळा, त्यावरून असेल? मग मधला 'उल' कुठून आला? गाजराच्या गोड पदार्थाला 'त्सिमेस' म्हणतात, त्यावरून? पण कानाशी गाजराचा काय संबंध? पुण्याला जाऊन ग्रंथालयं पालथी घातली. दोन प्राध्यापकांना पत्रं लिहिली, दोघांनीही माहीत नाही म्हणून कळवलं. तीन आठवडे गेले. अखेर त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि सगळ्यांत मोठ्या खोक्यात टाकायला उठले, पण टाकेनात. तशीच हातात धरून बसले.

काकू समोर मेथी निवडत होत्या. "काय झालं?"

"बाईला काय सांगू? तिच्या आईचा शब्द आहे, आणि मला उगम सापडत नाही."

"अहो, आईनंच केला असेल तो," काकू मान वर न करता म्हणाल्या. "सगळे शब्द काय कोशातून येतात का? आपली हन्ना लहान असताना तिला आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळली की मी नाही का म्हणायचे, बुंदुरकी? दाखवा बरं कोशात."

सरांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "बुंदुरकी," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्याच घरात, त्यांच्याच मुलीला, पाच-सहा वर्षं रोज म्हटला गेला होता. त्यांनी तो ऐकला होता आणि एकदाही लिहून घेतला नव्हता. ते ताडकन उठले. "पहिल्यांदा कधी म्हणालीस? कुठं? सोनईच्या घरात? आधी बुंदुर होतं की एकदम बुंदुरकी?"

"मला काय ठाऊक! तोंडातून निघालं."

"आणि अर्थ? अर्थ काय?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. जरा लाजल्या. "अर्थ काय असायचा. ओली पोर. टॉवेलातली."

सरांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. मग मला समोर बसवून बाईंना उत्तर सांगितलं, मी मोबाईलवर इंग्रजीत टाइप केलं. सर सांगत होते, "लिही. मी सगळीकडे शोधलं. हा शब्द कुठल्याही पुस्तकात नाही. हा तुमच्या आईनं केला, तुमच्यासाठी, थंडीच्या एका दिवशी. तो जगात फक्त तुम्हा दोघींना माहीत होता. आता मला आणि माझ्या बायकोला माहीत आहे. उगम एवढाच."

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी ते अंगणात उभं राहून दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं, "काल इथं बर्फ पडला. शेजारची लहान मुलगी शाळेतून आली, तिचे कान लाल झाले होते. मी ते हातात धरले आणि म्हटलं, झिमुल्के. तिनं अर्थ विचारला नाही."